परग्रहवासीयांच्या तोंडून

[दृश्य : जुना कृष्णधवल टीव्ही, पडद्यावर मुंग्या]

ऑगस्ट 1955. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मिसिसिपी राज्यात एमेट टिल नावाच्या 14 वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला हाल करून मारण्यात आलं. एका गोऱ्या बाईशी तो आगाऊपणे वागला, एवढाच त्याच्यावर आरोप. खटला उभा राहिला. ज्युरीतले सगळे गोरे. मारेकरी सुटले.

रॉड सर्लिंग तेव्हा तिशीचा होता आणि टीव्हीसाठी नाटकं लिहायचा. दुसऱ्या महायुद्धात फिलिपिन्समध्ये पॅराट्रूपर म्हणून लढून आलेला माणूस. या खुनावर लिहायचंच, असं त्याने ठरवलं.

पण त्या काळी अमेरिकेत कार्यक्रमाचा खर्च प्रायोजक कंपनी उचलायची. ज्याचा पैसा, त्याची कात्री. नाटकाचा टिलशी संबंध आहे हे बाहेर फुटलं, बहिष्काराच्या धमक्या देणारी पत्रं येऊन पडली आणि सगळ्यांची घाबरगुंडी उडाली. कथा दक्षिणेतून उचलून थेट ईशान्येकडच्या न्यू इंग्लंडला नेली. मेलेला माणूस कृष्णवर्णीय राहिला नाही, कुणीतरी परका झाला. सेटवरच्या कोका-कोलाच्या बाटल्यासुद्धा हटवल्या, कारण कोक मूळचा दक्षिणेतला, तो दिसला की लोकांना दक्षिण आठवेल! एप्रिल 1956 मध्ये नाटक प्रसारित झालं, तेव्हा त्यात एमेट टिल शोधूनही सापडला नसता. 1958 मध्ये सर्लिंगने पुन्हा तोच विषय घेतला. या वेळी काळ मागे गेला, 1870 च्या दशकात, आणि बळी झाला मेक्सिकन.

हे भोग एकट्या सर्लिंगच्या वाट्याला आले होते असंही नाही. 1959 मध्ये नाझींवर चाललेल्या न्यूरेंबर्गच्या खटल्यांवरचं एक नाटक टीव्हीवर आलं. नाझींनी लाखो माणसं ज्या गॅस चेंबरमध्ये मारली, त्यांचा उल्लेख आला की आवाज गायब. प्रायोजक होती गॅस कंपन्यांची संघटना.

[दृश्य : तारे, एक दार, एक डोळा]

2 ऑक्टोबर 1959. सीबीएस वाहिनीवर ‘द ट्वायलाइट झोन’ ही मालिका सुरू झाली. दर आठवड्याला नवी गोष्ट, नवी माणसं, नवं जग. सामाईक एकच, सर्लिंगचं निवेदन. मालिका सुरू होण्याच्या थोडं आधी पत्रकार माइक वॉलेस यांनी त्याची मुलाखत घेतली. महत्त्वाचं काही लिहायचं तुम्ही आता सोडून दिलंत का, अशा अर्थाचा त्यांचा सवाल होता. सर्लिंगनेही वाद घातला नाही. भुताखेतांच्या आणि यानांच्या गोष्टी, त्यात कुणाला काय खुपणार?

मार्च 1960 मध्ये मेपल स्ट्रीटची गोष्ट आली. संध्याकाळची वेळ, अंगणं, आइस्क्रीमवाला, गाडी धुणारे शेजारी. आकाशातून एक झोत जातो आणि वीज, फोन, गाड्या सगळं ठप्प. एक मुलगा सांगतो, आपण वाचलेल्या कथेत परग्रहवासी आपलं एक कुटुंब आधीच माणसांत पेरून ठेवतात. झालं! ज्याची गाडी आपोआप सुरू झाली, त्याच्यावर आधी संशय. तो रात्री झोप येत नाही म्हणून तारे बघतो, हाही मग पुरावा ठरतो. अंधारातून कुणीतरी चालत येतं, कुणीतरी बंदूक चालवतं. मेलेला माणूस शेजारच्या गल्लीत वीज आहे का, ते बघायला गेलेला असतो. टेकडीवर परग्रहवासी खरेच उभे आहेत. त्यांनी फक्त वीज चालू-बंद केली. कम्युनिस्ट कोण, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांत हुडकणाऱ्या अमेरिकेची ही गोष्ट होती, आणि तिच्यावर कात्री चालली नाही.

[दृश्य : बँडेजमध्ये गुंडाळलेला चेहरा]

कारागिरी बघायची असेल, तर नोव्हेंबर 1960 मधला ‘आय ऑफ द बिहोल्डर’ बघा. जेनेट टायलर नावाची बाई रुग्णालयात पडून आहे. डोकं पूर्ण बँडेजमध्ये. ती इतकी कुरूप आहे की चेहरा ‘माणसांसारखा’ करण्याचा हा अकरावा प्रयत्न. तोही फसला, तर सरकार तिला तिच्यासारख्यांच्या वस्तीत धाडणार. जवळजवळ अख्ख्या भागात डॉक्टर-नर्सचे चेहरे आपल्याला दिसत नाहीत. दिसतात हात, पाठ, भिंतीवरची सावली, सिगारेटचा धूर. दिग्दर्शक डग्लस हेज आणि कॅमेरामन जॉर्ज क्लेमेन्स यांनी प्रकाश असा बेतला की ही लपवाछपवी आपल्याला जाणवतसुद्धा नाही. आवाज मायाळू, म्हणून माणसंही तशीच असणार, असं आपण धरून चालतो. बँडेज सुटू लागतं. एक पदर, आणखी एक पदर. उजेड जाणवतोय का, डॉक्टर विचारत राहतो. शेवटचा पदर निघतो आणि समोर एक देखणी तरुणी. डॉक्टर दचकून मागे सरतो. मग दिवे लागतात. डॉक्टर-नर्सची नाकं डुकरासारखी, ओठ पिळवटलेले. विल्यम टटल यांची ही रंगभूषा आजही अंगावर येते. आणि भिंतीवरच्या पडद्यावर देशाचा नेता ओरडत असतो, सगळे एकसारखे असलेच पाहिजेत.

156 भागांपैकी 92 सर्लिंगने लिहिले. एवढं लिहिलं की घसरण होणारच. त्याचे विनोदी भाग बघवत नाहीत, आणि कधीकधी पात्रं बोलता बोलता भाषण ठोकू लागतात. चौथ्या पर्वात अर्ध्या तासाचा एक तास केला, तेव्हा तर गोष्टी च्युइंगगमसारख्या ताणल्या गेल्या. ज्या कलाटणीला पंचवीस मिनिटं पुरतात, तिला पन्नास दिली की प्रेक्षक ती आधीच ओळखून बसतो.

आता थोडं आमच्या, म्हणजे निवेदकांच्या, धंद्याचं. निवेदनासाठी आधी अभिनेते-दिग्दर्शक ऑर्सन वेल्स यांच्या नावाचा विचार झाला होता, पण त्यांचा आकडा परवडेना. मग लेखकच बोलू लागला, आणि दुसऱ्या पर्वापासून पडद्यावर उभाही राहिला. गडद सूट, दात आवळून बोलणं, हातात सिगारेट. पुढच्या भागाची झलक सांगता सांगता चेस्टरफिल्ड सिगारेटची शिफारसही करायचा, कारण प्रायोजक तेच. वर्णद्वेष परग्रहावर नेता आला, सिगारेटचं पाकीट मात्र हातातच राहिलं. 1975 मध्ये, हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर, तो पन्नासाव्या वर्षी गेला.

मालिका 1964 मध्येच संपली होती. सर्लिंगने आपला वाटा सीबीएसला विकून टाकला. पुनःप्रक्षेपणांतून फारसं काही मिळणार नाही, असा हिशोब होता. पुढे ती दशकानुदशकं चालली. मेपल स्ट्रीटची संहिता तर अमेरिकेतल्या शाळांच्या पुस्तकांत धडा म्हणून लागली. मुलं पात्रं वाटून घेऊन ती वर्गात मोठ्याने वाचतात.