कारभारणीचा पगार

पत्रिकेवर विषय छापलाय तो असा: 'शेताच्या उत्पन्नावर गरिबांचा सांभाळ परवडत होता का?' त्याचं उत्तर मी देणार आहे. प्रश्न आहे अमेरिकेतल्या, शेत जोडलेल्या जुन्या गरीबघरांचा. पण त्या घरात पुढच्या दाराने शिरलं तर फक्त कचेरी दिसते, म्हणून आपण मागच्या दाराने, स्वयंपाकघरातून जाऊ.

जर्मन वस्तीत ही घरं अनेकदा जर्मन जोडपीच चालवत, म्हणून आधी त्यांच्याविषयी. जर्मन माणसं अमेरिकेत का गेली, हे या व्याख्यानमालेत आधी येऊन गेलंय. १८८२ या एका वर्षात अडीच लाखांच्या आसपास जर्मन तिथे उतरले, आणि त्यांतल्या शेतीवाल्यांनी विस्कॉन्सिन, आयोवा, इलिनॉय, मिसुरी या भागांत बस्तान बसवलं, एवढं धरून पुढे जाऊ.

गावातल्या निराधाराचं काय करायचं? सुरुवातीला बऱ्याच ठिकाणी उलटा लिलाव व्हायचा. म्हातारा किंवा विधवा समोर उभी करायची आणि विचारायचं, वर्षभर हिला कमीत कमी किती पैशांत कोण सांभाळेल? सगळ्यांत कमी बोली बोलणाऱ्याच्या घरी तिची रवानगी. आपल्याकडे गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे. त्यात अपमान नव्हता असं मी म्हणणार नाही, पण सोमवारच्या घरी कमी वाढलं तर मंगळवारचं घर होतं. लिलावात गेलेल्या माणसाला मंगळवार नव्हता. न्यूयॉर्क राज्याचे सेक्रेटरी येट्स यांनी १८२४ साली या पद्धतीवर कडक अहवाल दिला, आणि त्याच वर्षी काउंटीने स्वतःचं गरीबघर बांधावं असा कायदा झाला. काउंटी म्हणजे आपल्याकडचा तालुका समजा. ही कल्पना पश्चिमेकडे सरकत गेली तशी गरीबघराला जमीन जोडली गेली. जमिनीची मोजणीच चौरस मैलाच्या पाव हिश्शाने झालेली, म्हणून कित्येक ठिकाणी आकडा दिसतो तो १६० एकरांचा. याचं नाव पुअर फार्म.

ते चालवायला काउंटी एक जोडपं नेमायची. तो सुपरिंटेंडेंट, ती मेट्रन. मराठीत यासाठी नवे शब्द शोधावे लागत नाहीत. खेड्यात बायको नवऱ्याला 'कारभारी' म्हणते, आणि कारभारी म्हटला की कारभारीण आलीच. जिथे वस्ती जर्मन, तिथे अनेकदा हे जोडपंही जर्मन शेतकऱ्याचंच. दोघं मुलाबाळांसकट त्याच इमारतीत राहायची. बहुतेक ठिकाणी दोघांच्या कामाचा पगार एकच, आणि तो त्याच्या नावाने. माझी तक्रार आहे ती इथे. या तक्रारीचा आणि पत्रिकेवरच्या प्रश्नाचा जवळचा संबंध आहे.

हे लोक येताना सांभाळाची एक कल्पना बरोबर घेऊन आले होते. जर्मनीत बाप शेत मुलाच्या नावे करताना करार करायचा, त्याला 'आल्टेनटाइल' म्हणतात. त्यात काय काय असायचं? राहायला अमुक खोली, वर्षाला इतकी राय (गव्हासारखं, पावाचं धान्य), रोज इतकं दूध, एक डुक्कर, जळण नुसतं आणून टाकायचं नाही तर फोडून दारात रचायचं, चर्चला जायला गाडी, आणि दुखण्यात शुश्रूषा. विस्कॉन्सिनच्या जर्मनांनी असे करार तिथल्या काउंटी कचेरीत रीतसर नोंदवले आहेत. आपल्याकडे आई थोरल्याकडे, बाप धाकट्याकडे अशी वाटणी होते, तेव्हा रोज दूध किती हे कोणी लिहून घेतं का? त्यांनी लिहून घेतलं. पण करार करायला आधी शेत लागतं. आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात राबलेला, लग्न न झालेला, इंग्रजी धड न येणारा गडी म्हातारा झाला की त्याच्याकडे मुलाला द्यायला शेत नाही आणि मुलगाही नाही. त्याला पुअर फार्म. तिथे पोचल्यावर त्याची बोली समजणारं कोणी असेल तर ती कारभारीण.

आता एक गोष्ट सांगते. ती पुअर फार्मच्या थोडी आधीची आहे, टेक्सासमधली. पण सांभाळ कोण करतं आणि नाव कोणाचं लागतं, हे तिच्याइतकं स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही.

जर्मन सरदारांची एक संस्था १८४२ साली निघाली, आडेल्सफेराइन. तिने काही वर्षांत सात हजारांहून अधिक माणसं टेक्सासच्या किनाऱ्यावर आणून उतरवली. पुढे नेण्याचं आश्वासन होतं. मार्च १८४५ मध्ये वसवलेलं न्यू ब्राउनफेल्स हे गाव किनाऱ्यापासून दीडशे मैल आत. १८४६ मध्ये मेक्सिकोशी युद्ध सुरू झालं, गाड्या आणि गाडीवान सैन्याने जास्त भाड्याने उचलले, आणि ही माणसं किनाऱ्यावर तंबूत आणि जमिनीत खणलेल्या खड्ड्यांत अडकली. पाणी दूषित. ताप आणि हगवण. काही तिथेच मेली, काही चालत निघून वाटेत मेली, काही गावात पोचून. पोरं उरली. साठेक अनाथ मुलांचा आकडा सांगितला जातो.

गावाचा पाद्री लुई काशाँ एर्वेनबर्ग. पाद्री होण्यासाठी बोलावलं गेलं तेव्हा तो टेक्सासमध्येच शेती करत होता. बायको लुईझे. बरीच मुलं नातेवाइकांनी, शेजाऱ्यांनी घरी नेली. उरली एकोणीस. ती या दोघांनी स्वतःच्या मुलांत मिसळून घेतली. ग्वादालूप नदीकाठी, गावापासून थोडं दूर, शेतावर घर उभं राहिलं, आणि १८४८ साली राज्याकडून अनाथाश्रमाची सनद मिळाली. टेक्सासमधला हा पहिला अनाथाश्रम मानतात. 'वाइझेनहाउस' म्हणून ते घर अजून उभं आहे.

पाद्रीबुवांचं नाव सनदेवर आहे, चर्चच्या दप्तरात आहे. वनस्पतिशास्त्रातही आहे, कारण हार्वर्डचे एसा ग्रे यांना ते टेक्सासची झाडं वाळवून पाठवत. आता या घरातलं रोजचं दळण बघा. मुलं आणि मोठी मिळून पंचवीस तोंडं धरा. माणशी चारशे ग्रॅम पीठ म्हटलं तर रोजचं दहा किलो. गहू नाही, मका. जर्मन बाईला गव्हा-रायचा पाव येतो. पीठ रात्री आंबवायचं, एकदा भट्टी पेटवली की चार दिवसांचे पाव काढून ठेवायचे. मक्याच्या पिठाला चिकटपणा नाही, ते तसं फुगत नाही, त्याचा पाव दुसऱ्या दिवशी दगड होतो. इथे बसलेल्यांना हे सांगायला नको, मक्याची भाकरी तव्यावरून ताटातच चांगली. म्हणजे चार दिवसांतून एकदा पेटणारी भट्टी गेली आणि दिवसातून दोनदा पेटणारी चूल आली. जळण वाढलं, पाणी वाढलं, आणि सकाळचे तीन तास त्यातच गेले. हे काम कोणत्याही सनदेत नाही.

१८५५ साली पाद्रीबुवा आश्रमातल्याच, आता मोठ्या झालेल्या एका मुलीला घेऊन मेक्सिकोला निघून गेले. बायकोला सोडून. पुढे ते व्हेराक्रूझकडे राहिले, तिथूनही ग्रे यांना वनस्पती पाठवत राहिले, आणि १८६३ मध्ये दरोडेखोरांच्या हातून मारले गेले. जिला त्या घराने लेक म्हणून वाढवलं, तिलाच घेऊन घरचा कर्ता गेला. त्या मुलीवर काय अन्याय झाला, यावर मी थांबून बोलायला हवं, आणि इथे वेळ नाही म्हणून ते निसटू नये. अनाथ मुलगी आणि तिला वाढवणारा पुरुष यांत बरोबरीचा व्यवहार असूच शकत नाही. आश्रम शेतावर, गावापासून लांब असतो तेव्हा पाहायला कोणी नसतं. म्हणून पुढच्या काळात पुअर फार्मवर काउंटीचे सुपरवायझर आणि राज्याच्या धर्मादाय मंडळाचे लोक तपासणीला जात, ते आवश्यकच होतं.

आता पुअर फार्मचं स्वयंपाकघर. तीस माणसं धरा. बटाटा माणशी अर्धा किलो रोज, म्हणजे वर्षाला साडेपाच टन. त्या काळी एकरी ७०-८० बुशेल, म्हणजे दोन टनांच्या आसपास. बियाणं आणि सड धरून तीन एकर बटाटाच लागतो. तळघर चार-पाच अंशांवर हवं, अंधार हवा. उजेड लागला तर बटाटा हिरवा आणि कडू. सफरचंदं शेजारी ठेवली तर त्यांच्या वाफेने बटाट्याचा साठवणीचा काळ बिघडतो, म्हणून दोघांना वेगळे कोपरे.

हिवाळ्याची भाजी म्हणजे आंबवलेला कोबी, सावरक्राउट. नोव्हेंबर ते एप्रिल, तीस माणसांना रोज शंभर-शंभर ग्रॅम म्हटलं तर साडेपाचशे किलो कोबी, तीन मोठी पिंपं. मीठ वजनाच्या अडीच टक्के, म्हणजे चौदा किलोच्या आत-बाहेर. कोबी चिरायला बसून काम करू शकणारे म्हातारे, तुडवायला एखादा तरणा, मीठ मात्र कारभारणीच्या हातचं. ते कमी पडलं तर कोबी मऊ आणि बुळबुळीत. एका थरात जास्त आणि दुसऱ्यात कमी पडलं तर गुलाबी डाग. वर फळी आणि दगड ठेवून कोबी पाण्याखाली दाबायचा, वर डोकावला की बुरशी. दर दोन-तीन दिवसांनी साय काढायची, फळी आणि दगड उकळत्या पाण्याने धुवायचे. अठरा-वीस अंशांवर चार ते सहा आठवडे. स्वयंपाकघरातल्या शेगडीजवळ पिंप ठेवलं तर लवकर आंबतं आणि लवकर बिघडतं. ज्यांच्या घरी लोणच्याची बरणी आहे त्यांना फरक फक्त मापाचा दिसेल. बिघडलं तर एक बरणी फेकून भागत नाही, तीस माणसांचा एप्रिल जातो.

डिसेंबरात डुकरं. केस काढायचं पाणी पासष्ट अंशांच्या आसपास, त्याहून गरम झालं तर केस सुटण्याऐवजी घट्ट बसतात. मांडी मिठात घालताना हाडाच्या सांध्यापर्यंत मीठ पोचलं नाही तर मांस आतून आंबतं, बाहेरून ताजं दिसतं. चरबी वितळवून स्वयंपाकाला, खालचा गाळ साबणाला. साबणाचा क्षार राखेतून पाणी झिरपवून काढायचा. त्यात अंडं टाकायचं, नाण्याएवढा भाग वर राहिला की ताकद बरोबर. बुडालं तर साबण धरत नाही, फार वर तरंगलं तर धुणारीचे हात सोलतात. धुणं किती? नवा माणूस आला की आधी गरम पाण्याने अंघोळ, कपडे उकळायचे, उवा बघायच्या. अंथरुणातच सगळं होणारे चार म्हातारे असले तर रोजच्या आठ चादरी. पेंढ्याच्या गाद्या मळणीनंतर नव्याने भरायच्या.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं. मुख्य मुद्दा राहिलाय, तो भरभर सांगते.

हिशेब मांडणाऱ्यांचं गृहीत असं होतं की राहणारे लोक शेतात राबतील आणि घर स्वतःचं पोट भरेल. ते दोन कारणांनी चुकलं. पहिलं, अंगात ताकद असलेला शेतमजूर यायचा तो हिवाळ्यात, काम नसताना. मार्च-एप्रिलमध्ये काम निघालं की निघून जायचा. हिवाळ्यात तोंडं आणि उन्हाळ्यात हात, असा हा उलटा मेळ. दुसरं, बारमाही राहणारे होते म्हातारे, अंध, अपंग, मनोरुग्ण, दिवस गेलेल्या निराधार मुली. ते बटाटे सोलतील, नांगर धरणार नाहीत. मग पेरणी-कापणी कारभाऱ्याने, त्याच्या मुलांनी आणि पगारी गड्याने करायची, आणि घरातलं सगळं कारभारणीने आणि मुलींनी.

वार्षिक अहवालात डुकरं, लोणी, ओट, मका यांची किंमत लिहिलेली असते आणि माणशी आठवड्याचा खर्च काढलेला असतो. तो खर्च कमी दिसतो, कारण वजाबाकीत दोन मुलींचं, एका सुनेचं आणि कारभारणीचं काम शून्य किमतीचं धरलंय. गड्याचा पगार लिहिला की आकडा लगेच चढतो. विस्कॉन्सिनने काउंटीच्या मनोरुग्णालयांना दर माणशी आठवड्याला दीड डॉलर द्यायला सुरुवात केली, तेव्हा शेतीवर चालणारी ही घरं फायद्यात दिसू लागली. पण त्या फायद्यातही हे फुकटचे हात मोजलेले नव्हतेच. तर पत्रिकेवरच्या प्रश्नाचं उत्तर: शेतावर परवडत नव्हतं, कुटुंबावर परवडत होतं. कुटुंब थकलं किंवा मुली लग्न होऊन गेल्या की त्याच जमिनीवर तेच घर तोट्यात जायचं.

१९२०च्या दशकात अशी दोन हजारांहून अधिक घरं होती, आणि त्यांच्याकडे मिळून सुमारे साडेतीन लाख एकर जमीन. १९३५ च्या सोशल सिक्युरिटी कायद्याने म्हाताऱ्यांना रोख मदत आली, महिना तीस डॉलरपर्यंतच्या मदतीत निम्मा वाटा केंद्राचा. पण सार्वजनिक संस्थेत राहणाऱ्याला ती नाही, अशी अट होती. म्हणजे पुअर फार्मवर राहिलं तर काहीच नाही, बाहेर पडून कोणाच्या घरी खोली घेतली तर मदत. म्हातारे बाहेर पडले, आणि पैसे घेऊन चार-सहा म्हाताऱ्यांना ठेवणारी खासगी घरं वाढली. ती अनेकदा बायकाच चालवत. तिथे निदान चादरी धुण्याचे पैसे धुणारीच्या हातात येत होते. १९५० मध्ये सार्वजनिक वैद्यकीय संस्थांपुरती ती अट सैल झाली, तोवर बऱ्याच काउंट्यांनी शेतं विकली किंवा भाड्याने दिली होती.

सगळी नाही विकली. आयोवा सिटीजवळ जॉन्सन काउंटीचं १८५५ चं शेत आजही काउंटीकडे आहे, तिथे छोटे शेतकरी भाजी पिकवतात. मनोरुग्णांसाठी बांधलेल्या जुन्या इमारतीचा एक भाग अजून उभा आहे, आत लाकडी कोठड्या आहेत. तिथे कधी गेलात तर कोठड्या बघाच, आणि मग उभं राहून मनात हिशेब करा की तिथल्या प्रत्येक माणसाची चादर धुवायला पाणी कुठून, किती बादल्या आणि कोणी आणलं असेल.