ऑस्करचे शेजारी

[दृश्य: नाशिक, सिडकोतलं घर. सकाळ. माशांच्या टाकीचा दिवा लागतो.]

दिवा लागला की हा काचेपाशी येतो. टायगर ऑस्कर. काळपट अंगावर निखाऱ्यासारखे नारिंगी पट्टे आणि शेपटीच्या बुडाशी केशरी कडेचा काळा ठिपका, अगदी डोळ्यासारखा. मूळ गाव अ‍ॅमेझॉनचं खोरं. तिथे पर कुरतडायला येणारे पिरान्हा या खोट्या डोळ्याला बिचकतात, असं अभ्यासक मानतात. नाशिकच्या या टाकीत पिरान्हा नाहीत. इथे बिचकायचं ते ऑस्करच्या शेजाऱ्यांनी.

आणला तेव्हा तो 2 इंचांचा होता. त्याच दिवशी आठ निऑन टेट्रा, इवलेसे मासे, घरी आले. “लहान आहे, राहील सगळ्यांबरोबर,” दुकानात सांगितलं होतं. दोन-तीन महिन्यांत आठही निऑन एकेक करून गेले. घरातल्या लेकीने रोज मोजले, रोज कमी भरले. टाकीत भांडण कुणालाच दिसलं नाही, कारण ते झालंच नव्हतं. ऑस्करच्या तोंडात मावेल ते त्याचं खाणं.

[दृश्य: ऑस्करचं तोंड, जवळून.]

म्हणून सोबती निवडताना आधी तोंड बघायचं, स्वभाव नंतर. वर्षभरात हा मासा 10 इंचांच्या घरात जातो. आजच्या मापाचा शेजारी उद्या पुरत नाही.

बाबांनी या खेपेला सिल्व्हर डॉलर निवडलेत. ताटलीसारखे चपटे, उंच अंगाचे, पाला खाणारे. त्यांना गिळणं अवघड, आणि ऑस्करने धरलेल्या कोपऱ्यावर ते हक्क सांगत नाहीत. पण ते घोळक्याचे मासे आहेत. एकटा आणला तर भेदरून फिल्टरच्या नळीमागे उभा राहतो. म्हणून सहा आणलेत, चांगले तळहाताएवढे.

सकर, म्हणजे काचेला चिकटून राहणारा मासा, त्याच्याबद्दल मात्र थांबून सांगायला हवं. काच साफ करेल म्हणून बोटभर सकर सोडतात. ऑस्कर त्याला तोंडात घेतो, सकर परांचे काटे ताठ करतो, काटे घशात रुततात आणि बऱ्याचदा दोघंही मरतात. ठेवायचाच तर मोठा ठेवा. आणि वाढला, टाकीत मावेना, म्हणून गोदावरीत सोडू नका. कधीच नाही. दक्षिण अमेरिकेतला हा मासा भारतातल्या कितीतरी नद्या-तलावांत पसरलाय. तो जाळ्यात अडकला की मासेमारांची जाळी फाटतात.

[दृश्य: रिकामी टाकी, मोजपट्टी.]

टाकी 4 फूट लांब, 2 रुंद, 2 उंच. काठोकाठ भरली तर साधारण 450 लिटर. एकट्या ऑस्करलाच पावणेतीनशे-तीनशे लिटर लागतं. जागा कमी पडली की गरीब मासाही चावरा होतो. त्यात नाशिकची जानेवारी! हिटरशिवाय पाणी गारठतं, मासे मलूल पडतात आणि मलूल मासा पहिला मार खातो. 25-26 अंश ठेवायचं, आणि काचेच्या हिटरला जाळी लावायची. ऑस्कर धडका मारून तो फोडतो.

मलावी सरोवरातल्या आफ्रिकन सिक्लिड माशांचा हिशेब वेगळा. तिथे थोडी दाटी बरी, म्हणजे एकाच्याच मागे सगळे लागत नाहीत. पण त्यांना जड, अल्कधर्मी पाणी लागतं. ऑस्करबरोबर त्यांची सोयरीक नको. आणि फ्लॉवरहॉर्न? मलेशियात 1990च्या दशकात माणसाने संकर करून घडवलेला मासा. त्याला एकटंच राहू द्या. जोडीदार नाही म्हणून तो झुरत नाही.

[दृश्य: संध्याकाळ. पिशवी पाण्यावर तरंगतेय.]

सिल्व्हर डॉलरची पिशवी वीस मिनिटं तरंगू दिली. तोवर बाबांनी टाकीतलं लाकूड फिरवलं, दगड हलवले. मला हे सगळ्यात मोलाचं वाटतं. जुन्या माशाची हद्द त्या दगडांवरून ठरलेली असते. खुणा हलल्या की त्यालाही नव्याने जागा शोधावी लागते. मग दिवा मालवला आणि सहाही एकदम सोडले.

अंधारात ऑस्करने कल्ले फुगवले, रंग गडद केला, एकदा अंगावर धावून गेला. घोळका फुटला, पुन्हा जुळला.

[दृश्य: दुसऱ्या दिवशी सकाळ.]

लेक शाळेचा गणवेश चढवून आधी टाकीपाशी आली. बोट काचेवर ठेवून मोजू लागली. चारवर अडली, वाकून लाकडामागे बघितलं.

“बाबा, सहाच्या सहा आहेत!”