बाटली एकाची, हात कुणाकुणाचे?

श्रोतेहो, नमस्कार.

उद्या फुटबॉलची फायनल. पोराला दोन दिवस ताप होता, अंगात त्राण नाही. मंडळातला कुणीतरी त्याला गाडीवर मागं बसवून दवाखान्यात नेतो आणि म्हणतो, "डॉक्टर, एक सलाईन लावून सोडा, सकाळपर्यंत उभा राहायला पाहिजे." खानापूरपासून निपाणीपर्यंत कुठल्याही दवाखान्याला हे वाक्य नवीन नाही. डॉक्टर लावतातही. पाचशे मिलिलिटरची बाटली; आत पाणी, मीठ, फार तर ग्लुकोज. उत्तेजक म्हणावं असं काहीच नाही. आणि तरी जागतिक उत्तेजकविरोधी नियमांच्या हिशेबात ही बाटली म्हणजे अख्खा गुन्हा.

नियम असा आहे. बारा तासांत शंभर मिलिलिटरपेक्षा जास्त काहीही शिरेतून घ्यायचं नाही. मॅच असो नसो, वर्षभर. कारण शिरेतून पाणी गेलं की रक्त पातळ होतं, लघवी पातळ होते, आणि रक्तात कुणी काही लबाडी केली असेल तर ती आकड्यांत दिसत नाही. सूट आहे ती रुग्णालयातल्या उपचाराला, शस्त्रक्रियेला आणि निदानासाठीच्या तपासण्यांना. जुलाब-उलट्यांनी पोरगं खरंच आडवं पडलं तर बिनधास्त भरती करा, नियम त्याच्या जिवावर उठलेला नाही. मात्र केसपेपर आणि डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. "जरा वीक वाटतंय" म्हणून बाकावर पडून लावून घेतलेली बाटली त्या सवलतीत बसत नाही.

हे किती महागात पडतं ते समीर नासरीला विचारा. फ्रान्सचा खेळाडू, तेव्हा स्पेनच्या सेव्हिया क्लबकडून खेळत होता. 2016 च्या डिसेंबरात लॉस एंजेलिसमधल्या एका क्लिनिकमध्ये त्यानं पाचशे मिलिलिटर जीवनसत्त्वांचं पाणी शिरेतून घेतलं. 2018 मध्ये युरोपच्या फुटबॉल संघटनेनं आधी सहा महिन्यांची बंदी घातली, मग ती वाढवून अठरा महिने केली. आपल्याकडच्या सलाईनमध्ये आणि त्याच्या बाटलीत नियमाच्या दृष्टीनं काडीचा फरक नाही.

डोपिंग म्हटलं की डोळ्यांपुढं येते ती चोरून मारलेली सुई. तशी सुई असतेच, तिच्याकडे येतो. पण फुटबॉलमधली बरीच प्रकरणं घरातल्या औषधाच्या डब्यातून निघालेली आहेत. कोलो टूरे इंग्लंडच्या मँचेस्टर सिटी क्लबात असताना बायकोच्या वजन कमी करायच्या गोळ्या घेऊन सापडला. 2011 मध्ये सहा महिने बाहेर. नेदरलँड्सच्या आयाक्स क्लबचा गोलरक्षक आंद्रे ओनाना 2020 मध्ये बायकोच्या फ्युरोसेमाइडच्या गोळीत अडकला. ही लघवी वाढवणारी गोळी, आपल्याकडे रक्तदाबाच्या किती तरी पेशंटांच्या घरी असते. त्यानं चुकून घेतली हे मान्य झालं, तरी बारा महिन्यांची शिक्षा अपिलात नऊ महिन्यांवर आली, शून्यावर नाही. नियमाचं मूळ तत्त्वच ते आहे: तुझ्या लघवीत सापडलं ना, मग जबाबदार तू. कसं आलं, हा पुढचा प्रश्न, आणि तो फक्त शिक्षा किती एवढंच ठरवतो.

आता खोकल्याचं औषध. पावसाळ्यात आपल्या भागात चिखलात सराव करून पोरं खोकत असतात आणि गल्लीच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय बाटली येते. तिच्या लेबलवर बारीक अक्षरात तीन नावं एकत्र दिसतील: टर्ब्युटालिन, ब्रोमहेक्झिन, ग्वायफेनेसिन. पहिलं नाव घातक. टर्ब्युटालिन कुठल्याही रूपात, कुठल्याही वेळी बंद आहे. 2017 मध्ये भारताचा गोलरक्षक सुब्रत पाल याच्या नमुन्यात हेच सापडलं. 2019 मध्ये पृथ्वी शॉला क्रिकेटमधून आठ महिने बाहेर बसावं लागलं तेही यानंच. या तिघांखेरीज लक्षात ठेवायचं आणखी एक नाव साल्ब्युटामॉल. याचा दम्याचा पंप चालतो, पण मोजून: चोवीस तासांत 1600 मायक्रोग्रॅम आणि कुठल्याही आठ तासांत 600 च्या आत. साध्या पंपाचा एक झोत 100 मायक्रोग्रॅमचा, म्हणजे आठ तासांत सहा झोत. त्याच साल्ब्युटामॉलचं सिरप किंवा गोळी मात्र एक चमचाही नाही.

आणखी एक खाचखळगा. औषधाचं नाव तेच, पण पुढं प्लस, कोल्ड, एक्स्पेक्टोरंट असं शेपूट लागलं की आतला मसाला बदलतो. गेल्या वेळी चाललेली बाटली या वेळी चालेलच असं नाही. घरी मराठी, बाजारात कन्नड आणि लेबल इंग्रजी अशी आपल्या पोरांची तऱ्हा. त्यामुळे वाचतो कोण? वाचायचं ते मोठ्या अक्षरातलं नाव नव्हे, मागच्या बाजूची घटकांची ओळ. भारतीय औषधांसाठी नाडा या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेनं 'नो युवर मेडिसिन' नावाची मोफत सोय केली आहे. तिथं घटकाचं नाव टाकलं की बंदी आहे की नाही ते दिसतं.

गुडघ्यातल्या इंजेक्शनबद्दल जरा सावकाश सांगतो, कारण हे अनेक डॉक्टरांनाही ठाऊक नसतं. सुजेवरची स्टिरॉइडं, म्हणजे ट्रायमसिनोलोन, मिथाइलप्रेडनिसोलोन वगैरे, पूर्वी सांध्यात टोचली तर चालायची. 1 जानेवारी 2022 पासून मॅचच्या काळात ती कुठंही टोचलेली चालत नाहीत. मॅचचा काळ सुरू होतो आदल्या रात्री 11 वाजून 59 मिनिटांनी. मग मॅचच्या किती दिवस आधी टोचलेलं चालेल? सांध्यात टोचलेल्या बहुतेक औषधांना तीन दिवस, पण ट्रायमसिनोलोनला दहा. आणि तेच ट्रायमसिनोलोन दंडात किंवा कुल्ल्यावर दिलं तर साठ दिवस! एकच औषध, एकच सुई, जागा बदलली की दहाचे साठ. म्हणून इंजेक्शनचं नाव, मात्रा, जागा आणि तारीख चारही गोष्टी चिठ्ठीवर लिहून घ्या. दुखण्यावरची ट्रामाडॉलची गोळीही 2024 पासून मॅचच्या काळात बंद आहे.

आयुर्वेदिक आहे, त्याला काय होतंय, असं म्हणणाऱ्यांसाठी एवढंच. काजऱ्याच्या बीत, म्हणजे कुचल्यात, स्ट्रिक्नीन असतं आणि स्ट्रिक्नीन बंदीच्या यादीत नावानिशी आहे. अग्नितुंडी वटीत कुचला असतो. उत्तर कोरियाच्या महिला संघानं 2011 च्या विश्वचषकात असंच सांगितलं होतं: वीज पडून खेळाडू जखमी झाल्या, म्हणून कस्तुरीमृगाच्या ग्रंथीचं पारंपरिक औषध दिलं. ते ऐकून घेतलं गेलं, शिक्षा टळली नाही. त्या प्रकरणाकडे पुन्हा यायचंय.

आणि ती खरी सुई. रक्तदाब एकदम खाली गेला तर भूलतज्ज्ञ जे मेफेंटरमाइन वापरतात, ते जिममध्ये आणि तालमींच्या आसपास विकताना पश्चिम महाराष्ट्रात पोलिसांनी वेळोवेळी पकडलंय. राज्याची हद्द ओलांडायला त्याला कसला पास लागत नाही. मॅचच्या दिवशी सापडलं तर सुरुवात चार वर्षांपासून, आणि बंदीच्या आधी हृदयच दगा देऊ शकतं.

तपासणी होते कशी? मॅच संपली की अधिकारी खेळाडूला नाव घेऊन सांगतो आणि तिथून एक माणूस सावलीसारखा बरोबर राहतो. खोलीत गेल्यावर बंद पाकिटातली तीन-चार भांडी पुढं ठेवतात, त्यातलं एक खेळाडूनं स्वतः निवडायचं. लघवी त्याच्याच लिंगाच्या साक्षीदारासमोर, बनियन छातीपर्यंत वर आणि पँट गुडघ्यापर्यंत खाली करून. कमीत कमी 90 मिलिलिटर हवी. ती 'ए' आणि 'बी' अशा दोन बाटल्यांत खेळाडूच ओततो, झाकण तोच लावतो, बाटलीवरचा क्रमांक कागदाशी ताडून तोच बघतो. इथं चूक होते ती अशी: लवकर सुटावं म्हणून पोरगं बाटल्याच्या बाटल्या पाणी ढोसतं, लघवी पातळ होते, घनता 1.005 च्या खाली जाते आणि नमुना पुन्हा द्यावा लागतो. रात्रीचे अकरा वाजतात. फॉर्मवर गेल्या सात दिवसांत घेतलेली औषधं लिहायची जागा असते. तिथं "काही नाही" असं खरडून मोकळं होणं ही दुसरी चूक. पुढं खुलासा करायची वेळ आली तर पहिल्यांदा तोच कागद काढतात. अठरा वर्षांखालचा असेल तर सोबत मोठा माणूस नेण्याचा हक्क आहे, तो वापरा. आणि काही झालं तरी निघून जायचं नाही. मुद्दाम टाळली असं ठरलं तर चार वर्षं. रिओ फर्डिनंड 2003 च्या सप्टेंबरात मँचेस्टर युनायटेडच्या सराव मैदानावरून चाचणी न देताच निघून गेला. आठ महिने बंदी, पन्नास हजार पौंड दंड, आणि 2004 ची युरो स्पर्धा हुकली.

हे सगळं खेळाडूनं सांभाळायचं. मग बाकीच्यांनी काय करायचं?

1998 मध्ये इटलीतल्या रोमा क्लबचे प्रशिक्षक झ्देनेक झेमान म्हणाले की फुटबॉलला औषधांच्या दुकानातून बाहेर काढायला हवं. तूरिनचे सरकारी वकील राफाएले ग्वारिनिएल्लो यांनी ते मनावर घेतलं आणि युव्हेंटस क्लबची झडती घेतली. क्लबच्या साठ्यात 281 प्रकारची औषधं निघाली. तालुक्याच्या दवाखान्याला पुरेल एवढा साठा, आणि तो धडधाकट माणसांसाठी. त्याच सुमाराला रोमच्या प्रयोगशाळेत फुटबॉलपटूंचे नमुने धड तपासलेच जात नसल्याचं उघड झालं आणि ती बंद पडली. 2004 मध्ये क्लबचे डॉक्टर रिकार्दो अग्रिकोला यांना बावीस महिन्यांची शिक्षा झाली, 2005 मध्ये अपिलात ते सुटले, आणि 2007 मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत प्रकरण जाईस्तोवर खटल्याची कायदेशीर मुदत उलटून गेली होती. क्लबचा एकही चषक गेला नाही. स्पेनमध्ये 2006 साली डॉ. फुएंतेस यांच्याकडे खेळाडूंना नंतर पुन्हा चढवायला साठवलेल्या रक्ताच्या दोनशेच्या आसपास पिशव्या सापडल्या. त्यांच्याकडे फुटबॉलपटूही येत होते, असं त्यांनी कोर्टात स्वतःच सांगितलं. ते फुटबॉलपटू कोण, हे आजतागायत बाहेर आलेलं नाही.

आता युव्हेंटसचाच फ्रेंच खेळाडू पॉल पोग्बा बघा. 2023 च्या ऑगस्टमध्ये चाचणी, नमुन्यात टेस्टोस्टेरॉनचा पुरावा. फ्लोरिडातल्या एका डॉक्टरनं सुचवलेलं पूरक, म्हणजे सप्लिमेंट, घेतलं होतं, हे त्याचं म्हणणं. चार वर्षांची बंदी अपिलात अठरा महिन्यांवर आली, हेतू नव्हता हेही मान्य झालं, पण युव्हेंटसचा करार गेला तो गेलाच. कागदावर नियम डॉक्टर-प्रशिक्षकांनाही सोडत नाही: खेळाडूला बंदी असलेलं औषध दिलं तर किमान चार वर्षं, जास्तीत जास्त जन्मभर. अल्पवयीन पोराच्या बाबतीत तर आणखी कडक. अडचण पुराव्याची आहे. खेळाडूचा पुरावा बाटलीत बंद असतो, देणाऱ्याचा कुठंच नसतो.

संघाचंही तेच. एक जण सापडला तर निकालाला धक्का नाही. एकाहून अधिक जणांना नोटीस गेली तर बाकीच्या संघाची लक्ष्य ठेवून तपासणी. स्पर्धेच्या काळात तीन किंवा जास्त जण दोषी ठरले तरच संघावर कारवाई. उत्तर कोरियाच्या आधी दोघी सापडल्या, मग सगळ्यांची तपासणी होऊन पाच झाल्या, आणि देशाला 2015 च्या महिला विश्वचषकाबाहेर बसावं लागलं. संघाच्या डॉक्टरवरही सहा वर्षांची बंदी आली. डॉक्टरचं नाव खेळाडूच्या शेजारी छापलं गेलं असं उदाहरण मला फुटबॉलमध्ये पटकन दुसरं आठवत नाही. उलट मँचेस्टर सिटीनं चाचणीसाठी खेळाडू कुठं असतील याची माहिती तीनदा नीट दिली नाही तेव्हा 2017 मध्ये दंड झाला पस्तीस हजार पौंड. त्या क्लबच्या हिशेबात चहापाण्याचा खर्च.

आपल्या बेळगावच्या लेले मैदानावरच्या सामन्याला नाडाचा माणूस येत नाही, हे खरं. म्हणूनच सवयी बिघडतात. इथला पोरगा उद्या कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर खेळेल, परवा संतोष ट्रॉफी या राज्यांच्या स्पर्धेसाठी कर्नाटकाच्या संघात जाईल (2023 मध्ये कर्नाटकानंच ती जिंकली), आणि तिथं पहिल्यांदा कुणीतरी त्याच्यापुढं भांडं धरेल. तोवर गल्लीतल्या मंडळानं त्याला काय काय पाजलं, टोचलं, याचा हिशेब द्यायला तो एकटा असेल.

मंडळांना यासाठी पैसे लागत नाहीत, एक वही लागते. औषधाचा डबा एकाच माणसाच्या ताब्यात. कुणाला काय दिलं, कधी, किती, कुणाच्या सांगण्यावरून, हे लिहायचं आणि देणाऱ्यानं सही करायची. सही करावी लागली की निम्मे सल्लागार आपोआप गप्प होतात. डॉक्टरकडे गेल्यावर पहिलं वाक्य "हा स्पर्धेत खेळतो, बंदीची यादी बघून द्या" हे असावं. दम्यासारखं कायमचं दुखणं असेल तर उपचारासाठी बंदीतलं औषध घ्यायच्या परवानगीचा अर्ज स्पर्धेच्या तीस दिवस आधी, तपासणीच्या रिपोर्टांसह. प्रोटीनचा डबा घेतलाच तर बॅच क्रमांकाचा फोटो काढा, पावती ठेवा, आणि त्याच बॅचचा एक डबा सील न फोडता बाजूला ठेवा. डब्यातच भेसळ होती हे सिद्ध करायची वेळ आली, तर उघडलेल्या डब्यावर कुणी विश्वास ठेवत नाही.