अहवाल चांगला, पण माणूस कसा आहे?

श्रोतेहो, नमस्कार. अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स डिसीज हे आतड्यांच्या दीर्घकालीन दाहाचे दोन मुख्य आजार बहुधा ऐन तारुण्यात, म्हणजे शिक्षण, नोकरी आणि लग्नाच्या दिवसांत सुरू होतात. ते समूळ बरे करणारे औषध अद्याप नसले, तरी उपचारांनी दीर्घकाळ आटोक्यात राहू शकतात.

मात्र आजार आटोक्यात आहे, हे ठरवायचे कोणी? रक्ततपासणी आणि कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, यांचे अहवाल चांगले असूनही अनेक रुग्णांचा थकवा जात नाही. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठातील गॉर्डन गायट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली ३२ प्रश्नांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली; तिच्यात पोटाच्या तक्रारींबरोबरच थकवा, मनःस्थिती आणि चारचौघांत मिसळणे यांचीही विचारणा होती. पुढे २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी रुग्णाचे जीवनमान पूर्ववत होणे हे उपचारांचे एक दीर्घकालीन उद्दिष्टच मानले. माझ्या मते हे फार आधी व्हायला हवे होते.

आपल्याकडे या प्रश्नाचे रूप अगदी रोजचे आहे. या आजारांत शौचाची घाई केव्हाही होऊ शकते, आणि विरारहून चर्चगेटला लोकलने जाणाऱ्या रुग्णाला गाडीत शौचालय मिळत नाही. म्हणून तो सकाळी उपाशीच निघतो, आणि कोणत्या स्थानकावरील शौचालय वापरण्याजोगे आहे, हे त्याला तोंडपाठ असते. स्त्रियांची अडचण याहून मोठी, हे वेगळे सांगायला नको. असे खाणे तोडत गेल्याने वजन घटते, आधीच शौचातून रक्त पडत असल्यास अशक्तपणा वाढतो, आणि घरचे मात्र ‘जरा पथ्य पाळ’ एवढेच म्हणतात. स्टेरॉइडमुळे चेहरा सुजला, तर लग्नाच्या बोलण्यांत तोही विषय होतो.

म्हणून डॉक्टरांकडे जाताना केवळ अहवालांची फाईल नेऊ नये. रात्री किती वेळा उठावे लागते, कोठे जाणे बंद केले, कोणते पदार्थ भीतीने सोडले, हे न लाजता सांगावे. थकव्यामागे लोहाची कमतरता किंवा नैराश्य असू शकते, आणि दोन्हींवर उपचार आहेत. कार्यालयांचे काय? दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्यातील २१ प्रकारांत या आजारांचा स्वतंत्र उल्लेख नाही. त्यामुळे बसण्याची जागा स्वच्छतागृहाजवळ देणे किंवा आजार उसळल्यावर घरून काम करू देणे, हे आज बव्हंशी वरिष्ठांच्या मर्जीवरच अवलंबून आहे.