घोड्याच्या पाठीचा हिशेब

(दृश्य: महालक्ष्मी रेसकोर्स, सकाळ. तबेल्यांच्या रांगेशेजारी एक टेम्पो, मागचं दार उघडं.)

महालक्ष्मीच्या या मैदानावर १८८३पासून घोडे पळताहेत. मुंबईकरांना हे मैदान माहीत आहे ते शर्यतींमुळे. पण याच आवारात अमॅच्युअर रायडर्स क्लब आहे, १९४२ साली सुरू झालेला. थंडी पडली की इथे शो जम्पिंगच्या, म्हणजे अडथळ्यांवरून उड्यांच्या, आणि ड्रेसाजच्या, म्हणजे ठरलेल्या चाली नेमक्या करून दाखवण्याच्या, स्पर्धा भरतात आणि बाहेरगावचे घोडे ट्रकमधून उतरू लागतात.

हा टेम्पो म्हणजे घोड्याच्या साजाचं आणि दुरुस्तीचं फिरतं दुकान, पुण्याहून आलाय. मालकीण स्वतः घोडेस्वार होती. आता सगळे तिला ताई म्हणतात. शिलाईच्या बाकावर बसलेत ते चाचा. जन्म कानपूरचा, उभा जन्म चामड्यात गेला. आत तंग आहेत, म्हणजे खोगीर पोटाखालून आवळायचे पट्टे, पाय ठेवायच्या रिकिबी आहेत, लगामाचे सुटे पट्टे, पितळी बकलांचे डबे, लोकरीची पोती. स्पर्धा असेल तिथे टेम्पो जातो. एरवी रायडिंग क्लबांमध्ये, आणि बाहेरचा प्रशिक्षक बोलावून दोन-तीन दिवसांचं शिबिर भरतं तिथे. या शिबिराला इथले सगळे क्लिनिकच म्हणतात.

आत्ता एक गृहस्थ मुलीचं खोगीर घेऊन आलेत. तंग ज्या पट्ट्यांना बांधतात त्यांतली एक भोकापाशी चिरली आहे. मुलीची फेरी दहाला आहे.

"चाचा, दोन टाके घालून द्या. आजचा दिवस निघाला पाहिजे."

चाचा पट्टी बोटांवर उलटी वाकवतात. चीर उघडते, आतलं चामडं कोरडं, भुरभुरीत. शेजारची पट्टीही तशीच. प्रत्येक बाजूला अशा तीन पट्ट्या असतात. दोन वापरायच्या, तिसरी अडीअडचणीला. इथे तिघींचं वय झालंय.

"साहेब, टाका घातला तर टाक्याच्या बाजूला फाटेल. पट्ट्या बदलाव्या लागतील. दहापर्यंत होणार नाही."

गृहस्थ चिडतात, मग गप्प होतात. तंग सुटला की खोगीर फिरतं आणि स्वार घोड्याच्या पायांत येतो, हे त्यांनाही माहीत आहे. मुलगी दहाच्या फेरीत उतरली नाही. दुपारच्या फेरीत उतरली, नव्या पट्ट्यांवर.

या नकाराला हिंमत लागते. गिऱ्हाईक समोर उभं आहे, पैसे द्यायला तयार आहे आणि मागतंय ते काम पाच मिनिटांचं आहे. अशा वेळी नाही म्हणणारे कारागीर मला फार थोडे भेटलेत.

(दृश्य: चाचांचे हात, अगदी जवळून.)

हात बघा. लाकडी चिमटा दोन गुडघ्यांत धरलाय, चिमट्यात पट्टी. मेण लावलेला एकच दोरा, त्याच्या दोन टोकांना दोन सुया. आरीने भोक पाडायचं, एक सुई इकडून, दुसरी तिकडून, आणि दोन्ही हात बाहेर ओढून टाका आवळायचा. मशीनच्या शिलाईत वरचा दोरा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकलेले असतात. एक तुटला की शेजारचे टाके उसवत जातात. हाताच्या टाक्यात प्रत्येक भोकातून दोरा दोनदा गेलेला असतो. एक टाका तुटला तरी पुढचा धरून राहतो. ज्या पट्ट्यांवर माणसाचा जीव असतो तिथे चाचा मशीन वापरत नाहीत.

ही विद्या कानपूरची. एकोणिसाव्या शतकात लष्कराला खोगिरं आणि साज पुरवण्यासाठी तिथे कारखाने उभे राहिले, आणि आजही कानपूरचा माल परदेशी जातो. कानपूरच्या खोगिरांना भौगोलिक मानांकनही आहे. मोठे कारखाने निर्यातीचं बघतात. तबेल्यात येऊन एका घोड्याची एक पट्टी बदलणं हे काम वेगळं, आणि ते करणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी.

(दृश्य: पुण्याजवळचा रायडिंग क्लब. एक घोडा बाहेर बांधलेला, मोतद्दार, म्हणजे घोड्याची निगा राखणारा, खरारा करतोय.)

टेम्पो स्पर्धेत दिसतो, पण धंदा उभा आहे तो आठवड्यातल्या अशा सकाळींवर.

आपल्याकडच्या क्लबांमध्ये बरेचसे घोडे शर्यतीतून निवृत्त झालेले थरोब्रेड, शर्यतीसाठीच पैदास होणाऱ्या जातीचे. मानेच्या बुडाशी, दोन खांद्यांच्या मध्ये यांचा उंचवटा चांगलाच वर आलेला असतो. शर्यतीच्या दिवसांत पाठीवर जॉकीचं हलकं खोगीर आणि काही मिनिटांची धाव. क्लबात आल्यावर काम बदलतं, चंदी बदलते. रोज वर्तुळात दुडकी, वळणं, उड्या. पाठीचे स्नायू भरत जातात, आजारपणात उतरतात. खोगिराचा आतला सांगाडा मात्र आहे तसाच राहतो. मागच्या हिवाळ्यात नीट बसलेलं खोगीर या हिवाळ्यात चिमटत असतं, आणि स्वाराला वाटतं, घोडा हट्टी झालाय.

ताई आधी खोगिराकडे बघतच नाही. दोन बोटं कण्याच्या बाजूने खांद्यापासून मागे दाबत नेते. एका जागी घोडा पाठ खाली घेतो, कान मागे पाडतो. ताई तिथेच थांबते, पुन्हा दाबत नाही. मग शिशाची वाकणारी पट्टी पाठीवर बसवून आकार घेते, तो कागदावर उतरवते, तारीख घालते. प्रत्येक घोड्याचा असा कागदांचा गठ्ठा तिच्याकडे आहे. दोन हंगामांचे आकार एकावर एक ठेवून दाखवले की मालकाला वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही.

त्यानंतर खोगीर, खाली गादी न घालता. पुढच्या उंचवट्यावर बोटं जाण्याइतकी जागा हवी. मधल्या खाचेतून कण्याला हवा लागली पाहिजे. घोड्याला फासळ्यांच्या अठरा जोड्या असतात. शेवटच्या फासळीच्या मागे खोगिराचा भार गेला तर तो पाठीच्या अशा भागावर पडतो जिथे खालून आधार नाही. ताई ती शेवटची फासळी बोटाने शोधते आणि खडूची रेघ मारते. उंच स्वारासाठी घेतलेलं लांब खोगीर आखूड पाठीच्या घोड्यावर घातलं की ते रेघेच्या मागे जातं, हे कोणालाही दिसतं.

स्वार चढतो, घाम येईपर्यंत घोडा चालवतो, उतरतो. खोगीर काढल्यावर पाठीवर ओला ठसा उरतो. दोन्ही बाजू सारख्या ओल्या असतील तर ठीक. ओल्या ठशाच्या मध्येच एखादा रुपयाएवढा कोरडा डाग असेल तर बहुतेक वेळा तिथे दाब जास्त पडतोय. असं वर्षानुवर्षं चाललं की तिथले केस पांढरे उगवू लागतात. काळ्या घोड्याच्या पाठीवर असे पांढरे ठिपके दिसले की ताई जरा वेळ बोलत नाही. ते केस पुन्हा काळे होत नाहीत.

उपाय बऱ्याचदा स्वस्तात होतो. खोगिराच्या गाद्यांमधली लोकर गोळे होऊन बसलेली असते. चाचा ती काढतात, पिंजतात, कमी असेल तिथे नवी भरतात. नव्या युरोपीय खोगिराला लाखांत पैसे मोजावे लागतात, लोकर भरण्याचा खर्च त्याच्या पासंगालाही पुरत नाही. साहजिकच विक्रीतला नफाही हातचा जातो. ताई दोन्ही कामं करते, पण क्रम ठरलेला आहे: आधी आहे ते खोगीर बसवून बघायचं, नाहीच बसलं तर नवं. वापरलेली हेल्मेटं मात्र ती विकत नाही. जोरात आपटलेल्या हेल्मेटचा आतला थर दबलेला असतो, बाहेरून काही कळत नाही, आणि कोणतं हेल्मेट कधी पडलं हे सांगणारं कोणी नसतं.

पावसाळा हा या धंद्याचा वैरी आणि पोशिंदाही. जुलैत पुण्या-मुंबईच्या तबेल्यांमध्ये चामड्यावर हिरवी बुरशी येते. घामातल्या क्षारांनी दोरा चामड्याच्या आधी कुजतो. घाबरून लोक तेलाचा मारा करतात आणि पट्टे लोळागोळा होतात. स्पर्धा बंद, शिबिरं बंद, पण बाकावर कामाचा ढीग. चारच महिन्यांचा हंगाम गृहीत धरून या व्यवसायात उतरलेले लोक पहिल्याच पावसाळ्यात माघार घेतात, कारण भाडं बारा महिने भरावं लागतं आणि पावसाळ्यातली दुरुस्ती करायला हात लागतो.

(दृश्य: रेतीचं मैदान. ताई मोजपट्टी धरून चालते आहे, मोतद्दार दांडे उचलताहेत.)

आज क्लिनिक आहे. प्रशिक्षक बाहेरचा, घोडे तीन-चार क्लबांचे. अडथळे, दांडे, वेळापत्रक, पाणी, डॉक्टर, सगळं ताईकडे.

सगळ्यात आधी कागद. ग्लँडर्सची तपासणी निगेटिव्ह असल्याचा अहवाल हातात आल्याशिवाय घोडा ट्रकमधून उतरत नाही. हा रोग घोड्यावरून माणसाला होऊ शकतो, औषधाने घोडा वाचवला जात नाही, कायद्याने त्याला मारावं लागतं. तपासणीसाठी रक्ताचे नमुने हरियाणातल्या हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रापर्यंत जातात. एका घोड्याचा कागद नसेल तर बाकीच्यांचा जीव धोक्यात येतो, म्हणून इथे ओळख, वशिला, "उद्या पाठवतो" यांतलं काहीही चालत नाही. त्या घोड्याची फी परत जाते. तोटा ताईचा.

दांड्यांचे रंग बघा. पिवळा-पांढरा, निळा-पांढरा. घोड्याला निळा आणि पिवळा नीट ओळखू येतो. लाल, केशरी आणि हिरवा यांत त्याचा गोंधळ होतो. माणसाला उठून दिसणारा केशरी दांडा हिरवळीवर घोड्याला तितका उठून दिसत नाही. दांडा ज्या खोबणीत ठेवतात ती जेमतेम दोन सेंटिमीटर खोल. पाय लागला की दांडा खाली गेला पाहिजे. स्पर्धेत त्याचे चार गुण दंडाचे, पण अडकून राहिला तर घोडा पडतो. गावातल्या सुताराने प्रेमाने खोल खोबणी करून दिलेले अडथळे ताईने एकदा पाहिले आणि तिथल्या तिथे बाजूला ठेवले. आता ती लोखंडी कप, म्हणजे या खोबण्या, स्वतः मोजून घेते.

मोजपट्टी कशाला? मोकळ्या दौडीत घोड्याची एक ढांग साधारण साडेतीन मीटरची. दोन अडथळ्यांमधलं अंतर त्या हिशेबात बसलं नाही तर घोड्याला उडी एक तर जवळून घ्यावी लागते किंवा लांबून. अनुभवी घोडा सांभाळून घेतो. नवशिक्या पोराखालचा नवशिका घोडा घाबरतो, आणि ती भीती घालवायला महिने लागतात. तट्टूंच्या गटाला अंतर वेगळं लावावं लागतं, म्हणून दर तासाला हे दांडे हलतात. या मोजमापाचे पैसे कोणाच्याही बिलात दिसत नाहीत.

लगाम घातल्यावर ताई प्रत्येक घोड्याच्या नाकाच्या हाडावर, पट्टीखाली दोन बोटं घालून बघते. पट्टी करकचून आवळली की तोंड बंद राहतं, घोडा शांत वाटतो, दुखणं मात्र आतल्या आत राहतं. बोटं प्रत्येकाची वेगळी, म्हणून आंतरराष्ट्रीय घोडेस्वारी महासंघाने २०२५पासून मोजण्याचं ठरावीक उपकरण आणलं. क्लिनिकमध्ये कोणी सक्ती केलेली नाही. ताई तरी बघते.

आपल्या खेळाडूंचं यश आता जगाला दिसलंय. १९८२च्या दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत इव्हेंटिंगची, म्हणजे ड्रेसाज, मोकळ्या मैदानातली दौड आणि उड्या मिळून होणाऱ्या प्रकाराची, सुवर्णं होती. २०१८ला जकार्तात फवाद मिर्झाची रौप्यपदकं. २०२३ला हांगझौमध्ये अनुष अगरवाला, मुंबईचा हृदय छेडा, दिव्यकृती सिंग आणि सुदिप्ती हजेला यांनी ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण आणलं. पण त्या चौघांचा सराव युरोपात झाला होता, घोडेही तिकडचेच. भारतातला घोडा परदेशी स्पर्धेला नेणं रोगांच्या नियमांमुळे वर्षानुवर्षं जवळजवळ अशक्य होतं. जुलै २०२५मध्ये मेरठच्या लष्करी रिमाउंट व्हेटर्नरी केंद्राला जागतिक पशुआरोग्य संघटनेची रोगमुक्त कक्ष म्हणून मान्यता मिळाली, आणि एक वाट किलकिली झाली. इथून घोडे जायचे असतील तर इथेच नालबंद लागतील, खोगीर बसवणारे लागतील, मोजून अडथळे लावणारे लागतील. पदकानंतरच्या भाषणांत यांचा उल्लेख मी ऐकलेला नाही, आणि तो व्हायला हवा असं मला मनापासून वाटतं.

(दृश्य: सोमवार दुपार. क्लबला सुट्टी. बाकाभोवती पाच-सहा मोतद्दार.)

सोमवारी ताई मोतद्दारांना शिकवते, फी न घेता. घोडा दिवसभर त्यांच्या हातात असतो. मालक तासभर येतो. घामाचा ठसा कसा वाचायचा, पट्टी उलटी वाकवून चीर कशी शोधायची, ओलं चामडं उन्हात का टाकायचं नाही. आता ताईला येणारे निम्मे फोन त्यांचेच असतात: "दीदी, डावीकडे सूज आहे, खोगीर चढवू का?" चढवू नकोस म्हटलं की ते चढवत नाहीत, आणि मालकाशी बोलायचं काम ताई स्वतःवर घेते.

त्यांतला एक जण चाचांकडे दोन सुयांचा टाका शिकतोय. बारा-तेरा महिने झाले असतील, चाचा म्हणतात. आधी रद्दी चामड्यावर, मग घोडा बांधायच्या मोहरक्यांवर. गेल्या महिन्यात त्याने लगामाचे पट्टे शिवले, ते गिऱ्हाइकाला गेले. तंगाच्या पट्ट्यांना अजून त्याला हात लावू दिलेला नाही. त्याने विचारलं तेव्हा चाचांनी त्याचे टाके भिंगातून बघितले, सातव्या टाक्यावर नख ठेवलं आणि पट्टी परत त्याच्या हातात दिली.

"हा सैल आहे. उसवून पुन्हा घाल."