दहाचे वीस झाले, तेव्हा

[दृश्य: सांगली, हरभट रोड. सकाळी साडेनऊ. एकेक शटर वर जातंय.]

दुकान उघडलं की आधी झाडू फिरतो, मग उदबत्ती लागते आणि मग गल्ल्याशेजारची हजेरीवही उघडते. हिशेबासाठी आपण इथलं एक कापडदुकान धरू. मालक वेगळे, पगारी माणसं 12. प्रत्येकाचा पगार महिना 15,600 रुपये. 26 दिवसांनी भागलं तर रोज 600 पडतो, आठ तासांनी भागलं तर ताशी 75. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

आधी 1948 चा दुकान कायदा होता. एकही नोकर नसला तरी नोंदणी करायची, नूतनीकरण करायचं, दुकान किती वाजता बंद करायचं तेही कायदाच सांगायचा. बाजारात आजही लोक त्याला 'शॉप ॲक्ट' किंवा 'गुमास्ता' म्हणतात. 19 डिसेंबर 2017 पासून नवा कायदा आला. 10 पेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणी नाही, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची आणि पोच घ्यायची. वर्षाचे 365 दिवस, 24 तास दुकान उघडं ठेवायची मुभा मिळाली. ही सूट खरोखर कामाची होती. छोट्या दुकानदाराचे हेलपाटे वाचले, आणि त्याच्या एकुलत्या एका नोकराचं त्यात काही गेलं नाही.

2025 मध्ये राज्य सरकारने या कायद्यातला 10 चा आकडा 20 केला. आपलं 12 माणसांचं दुकान तिथून बाहेर पडलं. आता त्यालाही सूचनाच पुरते.

[दृश्य: भिंतीवरचं कॅलेंडर. लाल तारखा.]

बाहेर पडलं म्हणजे नेमकं काय सुटलं? 10 किंवा जास्त कामगार असलेल्या दुकानात 2017 च्या कायद्याने वर्षाला आठ पगारी सण-सुट्ट्या दिल्या होत्या: 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर आणि आणखी चार. शिवाय आठ दिवस नैमित्तिक रजा. एकूण 16 दिवस. 600 रुपयांनी एका माणसाचे वर्षाला 9,600 होतात, 12 जणांचे 1,15,200. मालकाने या सुट्ट्या चालू ठेवल्या तर उत्तम, आणि बरेच जण ठेवतीलही, कारण विसर्जनाच्या दिवशी काउंटरला उभं राहायला कोण तयार होतं? पण कालपर्यंत जी गोष्ट नोकर हक्काने मागत होता, ती आता शेठला विचारून घ्यायची. रोजच्या व्यवहारात हा फरक मोठा आहे.

आता दुसरी बाजू. इथे मालकच फसतात. 'वीसपर्यंत काही नाही' हे वाक्य बाजारात फिरतंय, आणि ते चूक आहे. 20 झाले ते या एका कायद्यात. बाकी ठिकाणी 10 अजून 10 च आहेत.

ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, 10 पासून लागतो. 21,000 पर्यंत पगार असलेल्या माणसामागे मालकाचे 3.25 टक्के, कामगाराचे 0.75 टक्के. आपल्या दुकानात माणशी 507 आणि 117 रुपये. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सुटताना मिळणारी रक्कम, 10 पासून. प्रसूती रजा 10 पासून. लैंगिक छळाच्या तक्रारीसाठीची अंतर्गत समिती, तीही 10 पासून, मग दुकानात बाई एकच का असेना. किमान वेतनाला तर आकडाच नाही. एक नोकर असला तरी ते द्यावं लागतं. मराठी पाटीचंही तसंच. 2022 च्या दुरुस्तीने ती 10 पेक्षा कमी माणसांच्या दुकानालाही सक्तीची झाली.

आणखी एक गाठ आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत 'आस्थापना' म्हणजे 10 किंवा जास्त कामगारांची जागा, आणि त्यात व्यापारही येतो. म्हणजे राज्याच्या कायद्यातून सुटलेलं आपलं दुकान केंद्राच्या संहितेत बसतं. तिथे प्रत्येकाला लेखी नियुक्तिपत्र द्यायचं आहे. पगारी रजा दर 20 दिवसांमागे एक, आणि त्यासाठी वर्षात 240 ऐवजी 180 दिवस भरले तरी चालतात. कामगाराच्या दृष्टीने हे आधीपेक्षा सोपं झालं. नियुक्तिपत्रात चार गोष्टी तरी स्पष्ट हव्यात: रुजू झाल्याची तारीख, काम, पगार आणि पगारातले घटक. तारखेवरच सगळ्यात जास्त भांडणं होतात. पाच वर्षांपूर्वी लागलेला माणूस कागदावर मागच्या दिवाळीपासूनचा दिसतो, आणि ग्रॅच्युइटीची वेळ आली की ते उघड होतं. ग्रॅच्युइटीचा हिशेब सरळ आहे. वर्षाला 15 दिवसांचा पगार, 26 ने भागून. 15,600 वर ते बरोबर 9,000 येतात. मुदतीच्या नेमणुकीवरच्या माणसाला नव्या संहितेत ती एका वर्षानंतरच मिळते, पाच वर्षं थांबावं लागत नाही.

[दृश्य: हजेरीवहीचं पान. नावं 19. विसावी ओळ कोरी.]

विसावा माणूस का घेतला जात नाही, हे या ओळीपाशी थांबून समजून घ्यायला हवं.

20 माणसांपासून पीएफ लागतो. मालकाचा वाटा 12 टक्के, पगाराची मर्यादा 15,000 धरली तर माणशी 1,800. पण तो एकट्या विसाव्याचा भरायचा नाही, विसांचाही भरायचा. महिना 36,000. बोनसचा कायदाही 20 पासून. आणि आता दुकान कायद्याची नोंदणी, सण-सुट्ट्या, नैमित्तिक रजा हेही 20 वरच आलं. पूर्वी दोन पायऱ्या होत्या, एक दहाची आणि एक विसाची. सूट देताना पहिली पायरी काढून दुसरीवर ठेवली, त्यामुळे दुसरी उंच झाली. धंदा वाढला तरी वही 19 वर अडकते, आणि पुढचा माणूस ठेकेदाराच्या नावावर किंवा घरातल्या कुणाच्या नावाने काढलेल्या दुसऱ्या फर्मवर जातो.

ही दोन फर्मची युक्ती कागदावर जितकी पक्की वाटते तितकी नसते. जागा एक, गल्ला एक, माणसं इकडची तिकडे काम करतात, मालक तोच. असं दिसलं की पीएफवाले दोन्ही एकत्र धरतात आणि मागची थकबाकी व्याजासह काढतात. शिवाय पीएफ आणि ईएसआय एकदा लागू झाले की नंतर माणसं कमी झाली तरी सुटत नाहीत.

[दृश्य: मिरज-कुपवाड रस्ता. एमआयडीसीतली शेड. लेथचा आवाज.]

कुपवाडला प्रश्न वेगळा आहे. इथे फाउंड्र्या आहेत आणि त्यांच्या आसऱ्याने जगणारी जॉबवर्कची वर्कशॉप आहेत. अशा एका शेडमध्ये 16 माणसं धरा. 1948 च्या कारखाना कायद्याच्या मूळ व्याख्येत वीज वापरणारी 10 माणसं असली की कारखाना व्हायचा. नव्या संहितेत वीज असेल तर 20, नसेल तर 40. त्यामुळे ही शेड 'कारखाना' नाही. ती 'आस्थापना' मात्र आहे. सुरक्षित जागा देण्याचं कर्तव्य मालकावर आहेच. कारखान्यासाठीचा परवाना आणि त्यामागची तपशीलवार कलमं लागत नाहीत.

परवान्यासोबत कटकट जाते हे खरं आहे. केंद्राने 2017 मध्ये नऊ कायद्यांखालच्या 56 नोंदवह्या पाचांवर आणल्या. त्या 56 वह्या कुणी वाचत नव्हतं, त्या निरीक्षकाला दाखवण्यापुरत्या लिहिल्या जात होत्या. त्या गेल्याचं दुःख कुणालाच नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, तीही आधार आणि पॅनवर होते, पूर्ण मोफत. तरीही तिच्यासाठी एजंटला पैसे मोजणारे भेटतात. ती जरूर करावी, कारण ती असली तर मोठ्या कंपनीने तुमचं बिल 45 दिवसांत द्यायचं असतं आणि उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज लागतं. हे वर्कशॉपला मिळतं. हरभट रोडच्या दुकानदारालाही उद्यम नोंदणी मिळते, पण ती कर्जाच्या सवलतीपुरती. व्यापाऱ्याला 45 दिवसांचा आधार नाही.

पण कारखाना कायद्यात काही कलमं अशी होती की ती नुसती कागदं नव्हती. माल उचलायचा चेन-ब्लॉक वर्षातून एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासून घ्यायचा. फिरत्या भागांना गार्ड हवं. बंधन सैल झालं की पहिल्यांदा हा खर्च टळतो, कारण चेन आज तुटत नाही.

तासांचंही इथेच बघू. राज्याने 2025 मध्ये कारखान्यांसाठी दिवसाची मर्यादा 9 वरून 12 तासांवर आणि तिमाहीतला ओव्हरटाइम 115 वरून 144 तासांवर नेला. दुकानांत, म्हणजे आता 20 च्या पुढच्या, 9 चे 10 तास आणि 125 चे 144. आठवड्याचे 48 मात्र तिथेच आहेत. सोमवारी 12 तासांनी सुरुवात केली तर गुरुवारी संध्याकाळी 48 भरतात. शुक्रवारचा पहिला तासही ओव्हरटाइम, दर दुप्पट, म्हणजे आपल्या हिशेबात 150 रुपये. शुक्रवारचे 12 तास धरले तर आठवड्याला 1,800, आणि 144 तास 12 आठवड्यांत संपतात. प्रत्यक्षात गडबड होते ती दराची. पगारपत्रकात 'जादा काम' म्हणून 75 च लावलेले असतात. कामगाराने आपले तास घरी वहीत तारखेसह लिहावेत, वाद झाला तर तेवढाच आधार असतो. विट्याकडच्या यंत्रमागावर मजुरी मीटरवर, तिथे तर तास मोजायची सवयच नाही.

[दृश्य: फेटलिंगचा कोपरा. ग्राइंडर बंद. चाकाचा जवळचा शॉट.]

शेवटी या कोपऱ्यात येऊ. ओतकामाच्या कडा इथे घासल्या जातात. चाक आणि त्यापुढचा टेकू यांत 3 मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको. चाक झिजतं, फट वाढते, टेकू कुणी पुढे सरकवत नाही. मग लहान जॉब फटीत ओढला जातो, त्यामागे अंगठा जातो, आणि चाकही फुटतं.

अपघात भरपाईच्या कायद्याच्या परिशिष्टात अंगठा गेला तर 30 टक्के. वय 30, वयावरून ठरलेला गुणक 207.98, पगार मर्यादेप्रमाणे 15,000. त्याचे 60 टक्के 9,000, गुणिले 207.98, त्याचे 30 टक्के: 5,61,546 रुपये. ईएसआय भरलेला असेल तर ही जबाबदारी ईएसआय महामंडळाची. नसेल तर मालकाच्या खिशातून. ईएसआयचे 507 रुपये वर्षाला 6,084 होतात.

[दृश्य: हातात नवं चाक. लाकडी मूठ.]

नवं चाक चढवण्याआधी लेबलवरचा वेग मशीनच्या वेगापेक्षा जास्त आहे ना, ते बघायचं. मग चाक कोरडं असताना मधल्या भोकात बोट घालून लटकत धरायचं आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने कडेपासून इंचभर आत हलकेच वाजवायचं. खण्ण वाजलं तर चढवायचं, गार्ड लावून एक मिनिट मोकळं फिरवायचं, आणि तेवढा वेळ समोर न थांबता बाजूला उभं राहायचं. बद्द आवाज आला तर आत चीर आहे. ते चाक फोडून टाकायचं, म्हणजे दुसऱ्या पाळीतला कुणी ते चढवणार नाही.