टेस्ट नंतर, आधी पोराला वाचताना बघा

तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी लघुप्रबंधाला लर्निंग डिसॅबिलिटी, म्हणजे पोरगं हुशार असूनही वाचण्या-लिहिण्यात अडणं, हा विषय घेतलाय, चांगलंय, पण तुमचे सिनॉप्सिस, म्हणजे आराखडे, चाळताना एक गोष्ट खटकली, टेस्ट कुठली वापरायची याची सगळ्यांना घाई आणि पोराला वाचताना कुणी बघितलेलंच नाही.

टेस्टचं आधी उरकून टाकू. इंग्रजी टेस्ट घेऊन घरबसल्या मराठीत उतरवायची नाही. b आणि d या अक्षरांची उलटापालट तिकडची, आपल्या पोरांचा घोळ ध-घ, भ-म, वेलांट्या आणि जोडाक्षरांत. एकटा र घ्या, सूर्य, चक्र, ट्रक, सुऱ्या, साधा र सोडून चार रूपं, दुसरीतल्या पोरानं करायचं काय? मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं डिसलेक्सियासाठी, म्हणजे वाचनातल्या अडचणीसाठी, केलेलं 'डाली' हे तपासणीचं साधन मराठीतपण आहे, त्यात पहिली-दुसरीला वेगळं आणि तिसरी ते पाचवीला वेगळं स्क्रीनिंग, म्हणजे पहिली चाळणी, शिक्षकांनी भरायचं. ते मिळवा. फक्त स्क्रीनिंगला निदान म्हणू नका, बाकी चालतंय.

करवीर तालुक्यातल्या एका शाळेत एक मुलगी धडा खडाखडा म्हणायची आणि बोट मात्र दोन ओळी मागं! सगळा धडा पाठ. मग 'टमुप', 'लेगडा' असले बिनअर्थाचे शब्द लिहून दिले तर ट वरच अडकली, माझ्या तोंडाकडं बघायला लागली. असे शब्द वाचायला दिल्याशिवाय अंदाजानं वाचणारी पोरं सापडत नाहीत, कारण ती हुशार असतात हो, चित्र बघून निम्मं सांगतात.

आणि 'मी बाजारला गेल्तो' असं लिहिलं तर ते घरात ऐकलेलं लिहिलंय, लक्षणात धरू नका. बीडकडनं ऊसतोडीच्या टोळीबरोबर आलेलं पोर दिवाळीनंतर हंगाम संपेपर्यंत कारखान्याच्या तळावर असतं, त्याची शाळाच बुडालेली असते, त्याला कसलं डिसलेक्सिया म्हणताय? इचलकरंजीत घरात कन्नड बोलणारी पोरं आहेत, तिथं घरची भाषा आधी विचारा. डोळे आणि कान तपासून घ्या, हे तर कायम राहतंच. कुणाला हाक ऐकू येत नसते, कुणाला फळा दिसत नसतो आणि आपण प्रश्नावली भरत बसतो.

२०१६ च्या दिव्यांग कायद्यात एकवीस प्रकार आहेत, त्यात लर्निंग डिसॅबिलिटी आलीय, पण सर्टिफिकेट आठ वर्षं पूर्ण झाल्यावर. तुमचं सँपल पहिली-दुसरीचं. म्हणून रिपोर्टात 'डिसॅबिलिटी' लिहायचं नाही, 'वाचनात मदत लागते' लिहा, कुठल्या अक्षरावर अडतंय तेही लिहा, आणि वर्गात यादी वाचून दाखवू नका, बाईंना बाजूला घेऊन सांगा. मदत मात्र त्याच आठवड्यात सुरू करायला लावा, आठ वर्षं पूर्ण व्हायची वाट बघत बसायचं नाही.